±१२ व्होल्टच्या हेडफोन अँप्लिफायरसाठी स्वस्तातला लिनिअर पॉवर सप्लाय कोणता?

कानसेन_नाशिक
नमस्कार मंडळी. एनई५५३२ ही ऑप-अँप चिप आणि पुढे प्रत्येक चॅनेलला बीडी१३९-बीडी१४० या ट्रान्झिस्टरची जोडी, असा साधा हेडफोन अँप्लिफायर बांधून तयार आहे. सध्या बॅटऱ्यांवर चालतो, ते फार काळ परवडणारं नाही. सर्किट ±१२ व्होल्टचं आहे. आवाज बंद असताना प्रत्येक रेलवर (म्हणजे +१२ आणि −१२ च्या तारेवर) ४५ मिलीअँप मोजले. हेडफोन दोन आहेत, एक ३२ ओहमचा आणि एक २५० ओहमचा. डबा सोडून बजेट १,५०० रुपये.

तीन पर्याय समोर आहेत. पहिला, ऑनलाइन मिळणारा एलएम३१७-एलएम३३७ या रेग्युलेटरचा (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपांचा) तयार बोर्ड आणि १२-०-१२, १ अँपचा ट्रान्सफॉर्मर. दुसरा, १२ व्होल्टचे दोन मोबाइल-चार्जरछाप अडॅप्टर सिरीजमध्ये जोडणं. तिसरा, एलटी३०४५चा ‘अल्ट्रा लो नॉइज’ बोर्ड, ज्याची सगळीकडे तारीफ वाचतोय. यातलं काय घ्यावं? आणि ट्रान्सफॉर्मर १ अँपचा लागेल की ५०० मिलीअँपमध्ये भागेल?

मिलीव्होल्ट
आधी करंट काढू, बाकी सगळं त्यावरून ठरतं. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट आरएमएस दिला तर बहुतेक हेडफोनवर कान किटतील इतका आवाज होतो. त्या वेळी पीक करंट १.४१४ भागिले ३२, म्हणजे ४४ मिलीअँप. दोन्ही चॅनेल एकाच दिशेला गेले तर एका रेलवर ८८. तुमचे ४५ वरून धरले तरी १३३ होतात. २५० ओहमवाल्याला ५ व्होल्ट दिले तरी पीक २८ मिलीअँप प्रति चॅनेल, त्यामुळे त्याची काळजी नको. दर रेलला १५० मिलीअँप धरून चाला.

आता ट्रान्सफॉर्मर. ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) मोठा कॅपॅसिटर असला की ट्रान्सफॉर्मरमधून करंट सलग न जाता झटक्याझटक्याने जातो, म्हणून वाइंडिंगवरचा आरएमएस करंट डीसीच्या पावणेदोन-एक पट धरायचा. १५० चे झाले साधारण २७०. म्हणजे खरोखरचा ५०० मिलीअँपचा पुरतो. मात्र लोकल मालावर छापलेला आकडा जरा उदार असतो, तेव्हा १ अँपचाच घ्या. किमतीत फरक थोडा आहे.

पण १२-०-१२ घेऊ नका. हिशेब बघा. १२ गुणिले १.४१४ म्हणजे १७, त्यातून डायोडचे ०.८ वजा, राहिले १६.२. हे लाइनला पूर्ण २३० असताना. संध्याकाळी लाइन २०७ वर आली की तेच १४.५ होतात. २२०० मायक्रोफॅरडवर १५० मिलीअँपला रिपल, म्हणजे डीसीवरचा चढउतार, ०.७ व्होल्टच्या आसपास (करंट भागिले १०० हर्ट्झ गुणिले कॅपॅसिटर), म्हणजे खालचं टोक १३.८. रेग्युलेटरला १२ द्यायला आत किमान १४ ते १४.५ लागतात. मग दर सेकंदाला शंभर वेळा तो हात टेकतो आणि हेडफोनमध्ये खरखरीत घरघर येते. दुपारी शांत आणि दिवेलागणीला घरघर, अशी तक्रार दिसली की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

१५-०-१५ घेतला तर २०७ व्होल्टला डीसी १८.३, खालचं टोक १७.६. भरपूर जागा राहते. लाइन १८० पर्यंत पडली तरी चालेल.

दुसऱ्या टोकाचाही विचार हवा. छोट्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज लोड नसताना १५-२० टक्के जास्त असतं. त्यात लाइन २५० झाली तर १५ चे १९.५ एसी, आणि डीसी २७ च्या आसपास. म्हणून फिल्टर कॅपॅसिटर ३५ व्होल्टचेच हवेत. २५ व्होल्टचे लावले तर एखाद्या रात्री फुगतील.

१२-०-१२ आधीच घरात पडून असेल तर फेकू नका. त्यावर ±९ काढा. एलएम३१७ला १२० आणि ७५० ओहम लावले की ९.०६ व्होल्ट मिळतात. ३२ ओहमच्या हेडफोनला ±९ मध्ये काही कमी पडत नाही.

सोल्डर_सदाशिव
पैसे ट्रान्सफॉर्मरवर घाला, हे माझंही मत. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला १५-०-१५ सहज मिळतो. तुमच्यासारख्या बाहेरगावच्या माणसाने ऑनलाइन मागवताना एवढं पाहावं, की वर्णनात वजन दिलं आहे का. १ अँपच्या १५-०-१५चे ३० व्हीए होतात. एवढ्या ताकदीचा ई-आय (नेहमीचा चौकोनी, पत्र्यांच्या कोअरचा) ट्रान्सफॉर्मर अर्धा किलोच्या आसपास भरतो. पाव किलोचा आला तर आत काय असेल ते समजून जा.

आल्यावर लगेच जोडू नका. आधी मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजा. प्रायमरी काही दहा ते शे-दीडशे ओहम दाखवते, सेकंडरी एक-दोन ओहम. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे. चुकून सेकंडरीला २३० दिले तर ट्रान्सफॉर्मर गेलाच, शिवाय दुसऱ्या बाजूला जीवघेणं व्होल्टेज येतं. सेंटर टॅप ओळखणं सोपं आहे. ज्या वायरपासून उरलेल्या दोन्हींपर्यंतचा रेझिस्टन्स सारखाच येतो, ती मधली.

मग ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करा. ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर बल्ब क्षणभर चमकून विझतो. मंद पेटत राहिला तर कोअर सॅच्युरेट होतोय किंवा वळसे शॉर्ट आहेत, तो परत करा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

यानंतर थेट लाइनवर लोड टेस्ट. दोन टोकांमध्ये (३० व्होल्ट) २२० ओहम १० वॉटचे दोन सिरॅमिक रेझिस्टर पॅरलल लावा, म्हणजे २७० मिलीअँप जातील. एक तास चालू ठेवा. रेझिस्टर चांगलेच तापतात, त्यांना टाइलवर ठेवा, प्लायवूडवर नको. तासाभराने प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावा. कोमट ते गरम ठीक. हात ठेववत नसेल तर अॅल्युमिनियमची वाइंडिंग किंवा बारीक तार. लोडवर प्रत्येक अर्ध्या बाजूला १५ च्या खाली व्होल्टेज येऊ नये, अर्थात त्या वेळी लाइन किती आहे तेही मोजून ठेवा.

टोरॉइडल (गोल कड्यासारखा) मिळाला तर उत्तमच, त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी सांडतं. पण १,५०० मध्ये त्याने अर्धं बजेट खाल्लं असं व्हायचं.

जुना_रेडिओ
रेग्युलेटरबद्दल. १२ व्होल्टच हवे आहेत तर ७८१२ आणि ७९१२ (ठरावीक +१२ आणि −१२ देणारे रेग्युलेटर) पुरेत. एलएम३१७-३३७मध्ये अॅडजस्ट पिनला १० मायक्रोफॅरड लावला तर रिपल साधारण ८० डेसिबल दाबला जातो, न लावता ६५. ७८१२ सत्तरच्या आगेमागे. कागदावर हा फरक दिसतो, कानाला नाही, कारण एनई५५३२ स्वतःच सप्लायमधली घाण कमी वारंवारतेला १०० डेसिबलने कमी करतो, म्हणजे एक लाखांशावर आणतो. एलएम३१७चा नॉइज अॅडजस्ट पिनला कॅपॅसिटर न लावता १२ व्होल्टला साडेतीनशे मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो. त्याचा एक लाखांश म्हणजे तीन-चार नॅनोव्होल्ट. तो कुणालाही ऐकू येणार नाही. एलटी३०४५ ही अफलातून चिप आहे यात वाद नाही. पण रेडिओ किंवा क्लॉकच्या सप्लायला तिचा जो उपयोग, तो इथे नाही. शिवाय तिला इनपुटला २० व्होल्टच्या वर चालत नाही. १५-०-१५ लावून लोडशिवाय चालू केलीत की २४-२५ व्होल्टला ती जागीच जाईल. आणि ती फक्त पॉझिटिव्ह आहे, निगेटिव्हला एलटी३०९४ वेगळी घ्यावी लागते. तिसरा पर्याय रद्द करा.

७९१२च्या पायांबद्दल सावध, इथेच निम्मे लोक फसतात. अक्षरं आपल्याकडे, पाय खाली: ७८१२चे डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२चे डावीकडून ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७८१२ची पाठीची पट्टी ग्राउंडला असते, ७९१२ची पट्टी इनपुटला, म्हणजे तिच्यावर उणे वीस-बावीस व्होल्ट असतात. दोन्ही एकाच हीटसिंकवर मधे मायकाचा इन्सुलेटर न घालता कसल्या की सरळ शॉर्ट. वेगवेगळे छोटे हीटसिंक लावा आणि ते डब्याला टेकणार नाहीत एवढं पाहा. एका रेग्युलेटरमध्ये साधारण अर्धा ते एक वॉट जाईल. हीटसिंक नसलेल्या टीओ-२२० ला (रेग्युलेटरचा हा पट्टीवाला आकार) एका वॉटला ५०-६० अंश चढतात. मे महिन्यात बंद डब्यात आधीच पन्नासच्या आसपास असतं. साधा यू आकाराचा हीटसिंक पुरतो, पण लावाच.

दुसरी फसगत म्हणजे ७९१२चे कॅपॅसिटर. ७८१२ आउटपुटला फक्त ०.१ मायक्रोफॅरडवर किंवा त्याशिवायही मुकाट चालतो. ७९१२ला इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरड टँटॅलम हवा, साधा इलेक्ट्रोलिटिक असेल तर २५ च्या पुढचा. मी ४७ लिहीन, तो मिळतोच. नाहीतर ७९१२ ऑसिलेट होतो, मीटरवर १२ दाखवतो आणि वर शेकडो किलोहर्ट्झ नाचत असतात. अँप्लिफायर विनाकारण गरम झाला की हे तपासा. कॅपॅसिटर रेग्युलेटरच्या पायापासून एक-दोन सेंटिमीटरच्या आत हवा.

तिसरं, प्रत्येक आउटपुटपासून ग्राउंडला एक १एन४००७ उलटा. पॉझिटिव्ह रेलवर कॅथोड आउटपुटकडे, निगेटिव्हवर अॅनोड आउटपुटकडे. चालू करताना एक रेल आधी उभी राहते आणि लोडमधून दुसरीला ग्राउंडच्या पलीकडे ओढते. मग ७८१२ तिथेच अडकून बसतो, आउटपुट शून्याजवळ. दीड रुपयाचा डायोड हे टाळतो.

यादी करायचीच तर: ब्रिज २डब्ल्यू१० किंवा चार १एन४००७, प्रत्येक डायोडवर १० नॅनोफॅरड, दर रेलला २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट १०५ अंशवाला, रेग्युलेटरची जोडी, वरचे छोटे कॅपॅसिटर आणि डायोड, शेवटी दर रेलला ४.७ किलोओहम आणि एलईडी. दोन एलईडी यासाठी, की एक रेल गेली तर लगेच दिसावं. एकच रेल गेली की सरळ कपल केलेल्या (आउटपुटला कॅपॅसिटर नसलेल्या) अँप्लिफायरच्या आउटपुटवर डीसी येतो आणि तो हेडफोनच्या कॉइलमध्ये जातो.

तयार बोर्डच घ्यायचा तर घ्या, पण त्यावरचे निळे ट्रिमपॉट काढून टाका. अॅडजस्ट पिनपासून ग्राउंडकडच्या ट्रिमपॉटचा संपर्क तुटला की एलएम३१७ जेवढं आत येतं तेवढं जवळजवळ सगळं बाहेर सोडतो. तुमच्या एनई५५३२ची मर्यादा ±२२ आहे. १२० ओहम आणि १ किलोओहम असे पक्के रेझिस्टर लावा, ११.७ व्होल्ट येतील, चालतात. आणि कॅपॅसिटरवर ३५ व्होल्ट लिहिलेलं असूनही आकार करंगळीच्या टोकाएवढा असेल तर तेही बदला.

अर्धा_डेसिबल
सगळे लिनिअरच्या बाजूने बोलताहेत म्हणून थोडं दुसऱ्या बाजूचं. चांगल्या एसएमपीएसमध्ये (अडॅप्टरमधला स्विचिंग सप्लाय) १०० हर्ट्झ जवळजवळ नसतो, आणि स्विचिंगची वारंवारता ऐकण्याच्या पट्ट्याबाहेर असते. दोन अडॅप्टर सिरीजमध्ये जोडून ±१२ करणं चुकीचं नाही. एकाचा उणे आणि दुसऱ्याचा अधिक जोडला की तो शून्य. १५ व्होल्टचे मिळाले तर प्रत्येकामागे ७८१२ लावा. दोन्ही बाजू एकमेकांपासून सुट्या असल्याने ७९१२ लागतच नाही, दोन्हीकडे ७८१२ चालतो. (०-१५, ०-१५ अशा सुट्या सेकंडरीचा ट्रान्सफॉर्मर आणि दोन ब्रिज असतील तिथेही हेच.) मग लिनिअरचा एवढा आग्रह का?

मिलीव्होल्ट
अर्धा_डेसिबल, चांगल्या एसएमपीएसबद्दल तुमचं म्हणणं मान्य. अडचण रिपलची नाही, गळतीची आहे. दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये वाय-कॅपॅसिटर असतो. त्यामुळे आउटपुट जमिनीच्या तुलनेत निम्म्या लाइन व्होल्टेजवर तरंगतो, करंट मायक्रोअँपमध्ये. लॅपटॉपच्या बॉडीवर हात फिरवला की मुंग्या येतात, तो हाच. तो करंट आरसीए केबलच्या जाळीतून डॅककडे (डिजिटलचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) आणि तिथून कॉम्प्युटरच्या अर्थकडे वाट काढतो. केबलच्या जाळीला रेझिस्टन्स असतो, त्यावर पडलेलं व्होल्टेज सिग्नलमध्ये मिसळतं. दोन अडॅप्टर म्हणजे दोन गळत्या. शून्य तार अर्थ केली तर ते बरंच कमी होतं, पण दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये अर्थ आणणार कुठून?

जाता जाता, एकाच २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर टीएलई२४२६ लावून मधला ग्राउंड बनवा असं सुचवणारे भेटतील. ती चिप २० मिलीअँपपर्यंतची आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ते पुरत नाही.

कानसेन_नाशिक
सर्वांचे आभार. १५-०-१५, १ अँप आला. लाइन २३८ असताना लोडशिवाय १७.८-०-१७.८. सदाशिवदादांच्या पद्धतीने लोड टेस्ट केली, २३४ व्होल्टला दर बाजूला १६.१, तासाने कोमट. ७८१२-७९१२ ठरवलं. आता वायरिंग: फ्यूज किती, अर्थ कुठे जोडायचा, आणि ट्रान्सफॉर्मर अँप्लिफायरच्याच लोखंडी डब्यात ठेवला तर चालेल का? शिवाय आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तो जुना चौकोनी लहरीचा. त्याचा काही त्रास?

सोल्डर_सदाशिव
आकडे छान आहेत. १७.८ वर डीसी २४ च्या थोडं वर येईल, ३५ व्होल्टच्या कॅपॅसिटरला आरामात.

मागे तीन पिनचं सी१४ सॉकेट लावा, फ्यूजचा कप्पा असलेलं. फ्यूज स्लो-ब्लो २५० मिलीअँप. फास्ट लावला तर चालू करतानाच्या झटक्याने अधूनमधून उडेल आणि मग लोक चिडून १ अँपचा घालतात, तसं करू नका. फ्यूज फेजमध्येच येईल हे पाहा, स्विच दोन्ही तारा तोडणारा घ्या. २३०च्या प्रत्येक जोडावर श्रिंक स्लीव्ह.

अर्थची तार सॉकेटच्या अगदी जवळ डब्याला स्वतंत्र बोल्टने, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. हा बोल्ट ट्रान्सफॉर्मर कसायला वापरायचा नाही. त्याआधी घरचा अर्थ खरा आहे का बघा: फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल जवळपास सारखं यावं, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनला काहीच जोडलेलं नसतं, किंवा कुणीतरी ती न्यूट्रलला जोडून ठेवलेली असते. दुसरा प्रकार धोकादायक, न्यूट्रल तुटला की डबाच फेजवर.

जुना_रेडिओ
ग्राउंडचा मार्ग महत्त्वाचा. सेंटर टॅपची तार थेट दोन्ही २२०० च्या सामाईक बिंदूवर न्या. तिथून पुढे वेगळी तार रेग्युलेटरच्या ग्राउंडला आणि मग अँप्लिफायरला. सेंटर टॅप आणि कॅपॅसिटर यांच्यामधल्या तारेवरून अँप्लिफायरचा ग्राउंड काढू नका. त्या तुकड्यातून चार्जिंगचे झटके जातात, डीसीच्या कितीतरी पट मोठे, आणि तिथे उचललेला ग्राउंड तुमच्या इनपुटला जाऊन मिळतो. रेग्युलेटर कितीही भारी असला तरी ही घरघर तो थांबवू शकत नाही.

अँप्लिफायरचा ग्राउंड डब्याला एकाच ठिकाणी, १० ओहम ५ वॉट आणि त्याला पॅरलल उलटसुलट दोन जाड डायोड यांतून जोडा. डब्याचा अर्थ मात्र थेटच हवा, त्यात रेझिस्टर घालायचा नाही. इनपुटची आरसीए सॉकेटं आणि हेडफोनचा जॅक डब्यापासून इन्सुलेट करा, नाहीतर तो १० ओहम निरुपयोगी ठरतो. व्हॉल्यूम पॉटची धातूची बॉडी डब्याला नीट टेकू द्या. नॉबला हात लावल्यावर आवाज बदलत असेल तर ती टेकलेली नाही.

पहिल्यांदा चालू करताना अँप्लिफायर न जोडता, सिरीज बल्बवर. +१२ आणि −१२ मोजा, दोन्हींत पाव व्होल्टचा फरक चालतो. मग दर रेलला १०० ओहम ५ वॉट लावून पुन्हा मोजा, व्होल्टेज हलता कामा नये. त्यानंतर अँप्लिफायर जोडा आणि हेडफोन लावण्याआधी आउटपुटवरचा डीसी बघा. २० मिलीव्होल्टच्या आत असेल तरच हेडफोन.

मिलीव्होल्ट
एकाच डब्याबद्दल. ई-आय ट्रान्सफॉर्मर असेल तर इनपुट आणि पॉटपासून किमान १५-२० सेंटिमीटर लांब ठेवा. कसण्याआधी लांब तारांवर मोकळा ठेवून, हेडफोन कानाला लावून तो हळूहळू फिरवा. ठरावीक कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, तिथे खुणा करून प्लग काढा आणि मग भोकं पाडा. डबा छोटा असेल तर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कॅपॅसिटर वेगळ्या डब्यात, रेग्युलेटर अँप्लिफायरपाशी. मधे चार पिनचा जीएक्स१६ कनेक्टर: अधिक, शून्य, उणे आणि चौथ्या पिनवर अर्थ. ३.५ मिलिमीटरचा जॅक सप्लायला वापरू नका, आत सरकवताना तो दोन रेल एकमेकींना टेकवतो.

तरीही आवाज आलाच तर मोबाइलमधल्या स्पेक्ट्रम अॅपने वारंवारता बघा. ५० हर्ट्झ सगळ्यात उंच असेल तर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा ग्राउंड लूप. इनपुट केबल काढल्यावर गेला तर लूप, राहिला तर क्षेत्र. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटी असतील तर रेग्युलेटर हात टेकतोय किंवा ग्राउंड चुकीच्या जागेवरून घेतलाय. रेग्युलेटरच्या इनपुटला डीसी १६ च्या वर असेल तर रेग्युलेटर निर्दोष, तारा तपासा.

इन्व्हर्टरबद्दल विचारलंत ते बरं केलंत. २३० व्होल्टच्या साइन लहरीचं टोक ३२५ ला असतं, चौकोनी लहरीचं टोक २३० लाच. कॅपॅसिटर टोकापर्यंतच भरतो, त्यामुळे तुमच्या १५-०-१५ मधून डीसी १४-१५ व्होल्टच मिळेल, १२ च्या रेग्युलेटरसाठी अगदी काठावर. त्यात कोअरही गुरगुरतो. वीज गेल्यावर ऐकायचंच असेल तर १८-०-१८ हवा होता. मग उष्णता वाढते आणि लाइन चढली की कॅपॅसिटरवर ३२-३३ व्होल्ट येतात, म्हणजे ते ५० व्होल्टचे घ्यावे लागतात. एवढ्यासाठी ट्रान्सफॉर्मर बदलू नका. सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेलं निवडा.

कानसेन_नाशिक
समजलं. जीएक्स१६ आणि दोन डब्यांचाच मार्ग धरतो. मधली केबल किती लांब चालेल?

जुना_रेडिओ
एक मीटरपर्यंत बिनधास्त, ०.५ चौरस मिलिमीटरची चार तारांची केबल. अँप्लिफायरकडच्या टोकाला, रेग्युलेटरच्या इनपुटला दर रेलवर आणखी १०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट लावा. ते विसरलात तर ७९१२ लांब तारेवर पुन्हा ऑसिलेट होईल. सॉकेटचा उघड्या पिनांचा नर भाग अँप्लिफायरवर आणि मादी सप्लायच्या डब्यावर ठेवा, म्हणजे केबल सुटली तरी २४ व्होल्टच्या पिना उघड्या राहणार नाहीत. आणि चालू असताना ती काढायची नाही.